बासचा डबा, मरळीचं पाणी

ऑनलाइन दुकानांत ‘बास फिशिंग कॉम्बो’ नावाचा डबा मिळतो, ल्युअरचा, म्हणजे गळ लावलेल्या नकली आमिषांचा. उघडला की आधी डोळे दिपतात. पारदर्शक कप्पे, लाल-हिरवे-चंदेरी क्रँकबेट (ओठ लावलेले नकली मासे), एखादा पॉपर (पाण्यावर आवाज करणारा), दोन बेडूक, रबरी गांडुळांची पाकिटं, जिगहेड (शिशाचं डोकं असलेले गळ) आणि तळाशी मूठभर मणी, कड्या, स्विव्हल (फिरत्या कड्या). जाहिरातीतला ‘शंभर नग’ हा आकडा मुख्यतः या मुठीवर उभा असतो. सातारा-सांगलीच्या पाण्यात यातलं काय चालतं आणि कशाचे पैसे वाया जातात, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकतो: बेडूक ठेवा, फिरत्या पात्याचा स्पिनरबेट असेल तर ठेवा, एखादा खडखडणारा लिपलेस (बिनओठाचा क्रँक) ठेवा, सगळे गळ बदला आणि डब्यासोबत फुकट आलेला दोरा कपडे वाळत घालायला वापरा.

बास म्हणजे लार्जमाउथ बास, मूळचा उत्तर अमेरिकेतला. कृष्णा, कोयना, वारणेत तो नाही. १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या आसपासचा बास सापडला होता. त्या विक्रमाची बरोबरी २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात झाली. या एका माशापायी अमेरिकेत आणि जपानमध्ये ल्युअरचा प्रचंड धंदा उभा राहिला आणि त्याचाच माल आपल्याकडे येतो. काही विक्रेते बास म्हणून जिताड्याचा फोटो लावतात. जिताडा कोकणच्या खाडीतला, त्याचा इथल्या बंधाऱ्यांशी संबंध नाही.

तरी हा माल इथे चालतो, कारण मरळ. बासप्रमाणे तीही आडोशाला दबा धरून बसते, जलपर्णीच्या कडेला, बुडालेल्या झुडपात, लव्हाळ्यात, आणि वरून काही सरपटत गेलं की झडप घालते. फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बास मोठा जबडा उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. मरळ चावते आणि आवळून धरते. तिचा जबडा हाडाचा, त्यात दात. म्हणून बासच्या डब्यातला बारीक तारेचा गळ तिच्या तोंडात घुसत नाही, आणि घुसलाच तर सरळ होऊन परत येतो. शिवाय मरळ हवेत श्वास घेते. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ती वरचेवर पृष्ठभागावर येऊन ‘भुडुक’ करते आणि आपला पत्ता स्वतःच सांगते. बास पकडणाऱ्याला ही सोय नाही.

मरळीखेरीज या डब्याला दाद देणारे म्हणजे शिवडा, खडस (महसीर) आणि हलक्या ल्युअरला चिलापी (तिलापिया). रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी हा डबा नाहीच, ते कणकेचे गिऱ्हाईक.

बेडूक

सांगली, मिरज, वाळवा, पलूस पट्ट्यातलं बंधाऱ्यामागचं संथ पाणी किंवा माण-खटाव, आटपाडीकडचे पाझर तलाव यासाठी एकच ल्युअर घ्यायचा असेल तर पोकळ रबरी बेडूक घ्या. पाठीला चिकटलेले दोन गळ वरच्या बाजूला तोंड करून असतात, त्यामुळे तो गवतावरून, जलपर्णीवरून न अडकता सरकतो. माशाने चावलं की पोकळ अंग दबतं आणि गळ उघडे पडतात. सगळी करामत त्या दबण्यात आहे आणि स्वस्त बेडूक नेमके तिथेच फसतात.

तपासायची पद्धत सोपी. अंगठा आणि तर्जनीत बेडूक आडवा धरून हलकं दाबा. लिंबू पिळायला लागतो त्याच्या निम्म्या जोरात दोन्ही गळांची टोकं पूर्ण बाहेर आली पाहिजेत. आली नाहीत तर पाण्यात दहापैकी सात-आठ झडपा फुकट जाणार हे धरून चाला. रबर कडक असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून पाहा. त्याने थोडं मऊ होतं, पण थंड झाल्यावर पुन्हा कडक झालं तर तो नग परत पाठवा. रबर बरं असेल आणि गळच अंगात रुतून बसले असतील तर पकडीने दोन्ही टोकं किंचित वर आणि बाहेरच्या बाजूला वाकवा. किंचित म्हणजे अंगापासून एक-दोन मिलिमीटर. जास्त वाकवलं की प्रत्येक फेकीला जलपर्णीचं देठ घेऊन येईल.

दुसरी चाचणी बादलीत. बेडूक उलटा टाकला तरी स्वतःहून सुलटा झाला पाहिजे आणि शेपटीकडून थोडा बुडालेला राहिला पाहिजे. तोंडाकडून बुडणाऱ्या बेडकाचं वजन चुकीच्या जागी भरलेलं असतं. तो ओढताना नाक खुपसतो आणि गवताखाली जातो. चांगल्या बेडकातही गळाच्या फटीतून पाणी शिरतंच, म्हणून दर सात-आठ फेकींनंतर पिळून काढा. फाटला तर आतून कोरडा करून फेविक्विकचा एक थेंब पुरतो. मात्र ज्या घडीवर अंग दबतं तिथे थेंब पडला तर ती जागा दगडासारखी होते आणि बेडूक कायमचा निकामी.

वजन १० ते १५ ग्रॅम ठेवा. त्याहून हलका बेडूक वाऱ्यात जात नाही. त्याहून जड जाड जलपर्णीवर चांगला, पण उघड्या पाण्यात धपकन पडतो आणि उथळ तलावातली मरळ पळवून लावतो. आपल्याकडे शेपटीला छोटं फिरतं पातं लावलेले बेडूक बरेच मिळतात. उघड्या पाण्याच्या पट्ट्यात ते उत्तम, पण पाण्याखालचं मऊ पाणगवत पात्याभोवती गुंडाळतं. तिथे पाय किंवा झालर असलेला साधा बेडूक बरा. झालरीचे दोन्ही पाय कात्रीने एकसारखे न छाटता एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब ठेवा, म्हणजे बेडूक जागच्या जागी डुलतो.

रंगाबद्दल दुकानदार बरंच सांगतील. मासा खालून पाहतो, त्याला दिसतं ते पोट. पाठीवरची नक्षी गिऱ्हाइकासाठी. ढगाळ दिवस, संध्याकाळ, गढूळ पाणी असेल तर काळं पोट, त्याची सावली ठळक पडते. ऊन आणि निवळ पाणी असेल तर पांढरं किंवा पिवळसर. असे दोन रंग पुष्कळ झाले. पाठ मात्र आपल्याला दूरवरून दिसेल अशी घ्या, कारण बेडूक कुठे आहे हे दिसत नसेल तर झडपही दिसत नाही.

सगळ्यात जास्त मासे सुटतात ते घाईने. पाणी फुटलं, आवाज झाला की हात आपोआप वर जातो आणि बेडूक डोक्यावरून मागच्या बाभळीत जातो. पाणी फुटल्यावर ‘एक, दोन’ म्हणा, रॉडचं टोक खाली न्या, दोऱ्यात वजन जाणवलं की मग दोन्ही हातांनी जोरात ओढा. झडप हुकली तर बेडूक तिथेच दहा सेकंद पडू द्या. मरळ पुष्कळदा परत येते.

दोरा, गाठ आणि तंगूस

ल्युअरवर पैसे घालवणारे दोऱ्यावर वाचवतात, आणि पहिल्याच मोठ्या मरळीला ल्युअरसकट घालवतात. बेडकासाठी विणलेला दोरा, म्हणजे ब्रेडेड, ४० ते ५० पौंड ताकदीचा हवा. तो ताणत नाही, पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो आणि जलपर्णीचे देठ कापत येतो. गवतात चार पदरी विण आठ पदरीपेक्षा बरी. ती खरखरीत असते आणि खरखरच देठ कापते. आठ पदरी गुळगुळीत, लांब जाते, उघड्या धरणाच्या पाण्यासाठी ती घ्या.

पुड्यावर छापलेल्या पौंडांवर विसंबू नका. जपानी मोजणीत पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर जाडी, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५. पेन्सिलीवर दोऱ्याचे वीस वेढे एकमेकांना खेटून घाला आणि पट्टीने रुंदी मोजा. पीई ३ असेल तर साधारण साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर भरेल. आठ-नऊ भरली तर तो जाड, सैल विणीचा दोरा आहे. पौंड कदाचित खरे असतील, पण असा दोरा वारा धरतो आणि रिळावर कमी बसतो. विणलेला दोरा गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळला की सगळा गठ्ठा आतल्या आत फिरतो आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, बिघडल्यासारखा वाटतो. आधी आठ-दहा वेढे साध्या तंगुसाचे, म्हणजे एकपदरी नायलॉनच्या दोऱ्याचे, घ्या, मग त्यावर दोरा.

गाठ पालोमार. तंगुसाला चालणारी साधी पिळाची गाठ विणलेल्या दोऱ्यावर घसरते, कारण दोरा निसरडा आणि चपटा. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकी किंवा पाणी लावायचं, कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस भाजतो. बेडकाला लीडर, म्हणजे दोरा आणि ल्युअर यांच्यामधला वेगळा तुकडा, लावायचा नाही, दोरा थेट बांधायचा. लीडरची गाठ गवतात अडकते आणि जलपर्णीत मरळीला दोरा दिसत नाही. उघड्या पाण्यात, क्रँक किंवा स्पिनरबेटला मात्र ४० पौंडी तंगुसाचा हातभर लीडर हवा. मरळीसाठी पोलादी तार लागत नाही, तारेने ल्युअरची चाल मरते. शिवड्याच्या तोंडात बारीक दातांची कानस असते. त्याला ५०-६० पौंडी जाड तंगूस लावा आणि प्रत्येक माशानंतर शेवटची वीतभर लांबी बोटांनी चाचपून खरखर लागली तर छाटून टाका.

निवळ पाण्यात, कोयनेच्या किंवा कृष्णेच्या वरच्या वाहत्या भागात, फ्लुओरोकार्बनचा १५ ते २० पौंडी, चार-पाच फुटांचा लीडर घ्यावा. त्याचा प्रकाशवक्रीभवनांक १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा त्याहून वरचा. म्हणून तो कमी दिसतो. तो बुडतोही. त्यामुळे बेडूक, पॉपर यांच्यामागे लावला तर त्यांचं नाक खाली ओढतो. ही चूक फार जण करतात आणि दोष ल्युअरला देतात.

तंगुसाचं रीळ दुकानाच्या दारात उन्हात टांगलेलं असेल तर घेऊ नका. नायलॉन उन्हाने कुजतं. गळ, शिसं, स्विव्हल घ्यायला बाजारपेठेतली जाळी-तंगूस विकणारी जुनी दुकानं चांगली, सुटं मिळतं आणि हातात घेऊन पाहता येतं. ल्युअर तिथे क्वचितच धड मिळतात.

स्पिनरबेट आणि खडखडे

कॉम्बोत स्पिनरबेट बहुधा नसतो, आणि इथल्या पाण्यासाठी तोच असायला हवा होता. वाकवलेल्या तारेच्या खालच्या टोकाला झालरीत लपलेला एक गळ, वरच्या टोकाला फिरतं पातं. तार पुढे असल्याने काटक्यांना आधी तीच लागते, म्हणून तो बुडालेल्या बाभळीतून, गवताच्या कडेने सुटून येतो. ऑक्टोबरात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले की मागे पाणी तुंबतं, पण अजून ताकासारखं गढूळ असतं. त्या काळात बेडकापेक्षा स्पिनरबेट सरस. पाण्यात नजर पोचत नाही तेव्हा मरळ कंपनावर शिकार करते. म्हणून गोल, कोलोरॅडो पातं घ्या, ते जास्त थरथरतं आणि हळू ओढलं तरी फिरतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळलं की लांबट पानासारखं विलो पातं, ते कमी थरथरतं आणि जास्त चमकतं.

विकत घेताना पात्यावर फुंकर मारा. फुंकरीने फिरलं नाही तर त्याचं स्विव्हल टाकाऊ आहे आणि संथ ओढीला पातं मेल्यासारखं लटकेल. स्विव्हल बदलता येतं, पण तार मऊ असेल तर इलाज नाही. दोन माशांनंतर ती तिरकी होते आणि ल्युअर कुशीवर पडून येतो. थोडा कललेला असेल तर वरचा दांडा गळाच्या रेषेत आणा. तारेच्या वळणात स्नॅप (उघडझाप होणारी कडी) अडकवू नका, तो दांड्यावर सरकतो. दोरा थेट त्या वळणात बांधा. वजन १० ते १४ ग्रॅम, रंग पांढरा किंवा पोपटी-पिवळा.

लिपलेस क्रँक म्हणजे चपटा, ओठ नसलेला, आत छर्रे असलेला ल्युअर. १४ ग्रॅमचा घेतला तर विरुद्ध वाऱ्यातही लांब जातो, आणि उन्हाळ्यात धोम, कण्हेर, उरमोडीच्या काठावर दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा ही गोष्ट महत्त्वाची. तो बुडतो. पहिल्या फेकीला पाण्यात पडल्यापासून तळाला लागेपर्यंत आकडे मोजा. समजा आठ झाले, तर पुढच्या फेकीला सहावर ओढायला लागा. न मोजता ओढाल तर तो तळातल्या दगडाला भेट. धरणांचं पाणी उतरलं की बुडालेल्या शेतांचे बांध आणि दगडी गडगे पाण्याखाली फूट-दोन फुटांवर असतात. मासा त्यांच्याच आडोशाला असतो आणि ल्युअरही तिथेच जातो.

क्रँकबेट, मिनो आणि बाकीची रांग

डब्यात सगळ्यात जास्त जागा क्रँकबेट खातात. त्यांचा ओठ बघा. ओठ लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर ल्युअर खोल जातो, छोटा आणि उभा असेल तर उथळ. काठावरून फेकणाऱ्याला लांब ओठाचे बहुतेक निरुपयोगी. पाणी काठाकडे उथळ होत जातं आणि ल्युअर नाक खुपसून चिखल नांगरत येतो. ते होडीतून खोल पाण्यावर ओढायला चांगले. चौकोनी ओठाचा, दोन-चार फूट बुडणारा एखादा असेल तर ठेवा. तो दगडाला, खोडाला आपटून बाजूला उडतो आणि त्या उडीवरच मासा येतो. जाड दोऱ्याला लावलात तर कुठलाही क्रँक पुड्यावर लिहिलेल्या खोलीपेक्षा वर चालतो, हेही ध्यानात असू द्या.

सरळ न येता एका बाजूला पळणारा क्रँक फेकू नका. तो आपल्याकडे येताना डावीकडे पळत असेल तर त्याचं नाक आपल्याकडे करून पुढची कडी पकडीने केसभर उजवीकडे वाकवा, पाण्यात तपासा, पुन्हा वाकवा. कडी प्लास्टिकमध्ये सैल बसवलेली असेल तर उपटून हातात येईल. स्वस्त डब्यात असे एक-दोन निघतातच.

बारीक लांब मिनो खडसासाठी. इथे नावाजलेला माल खरंच वेगळा वाटतो. फिनलंडच्या रापालाचा मूळ तरंगता मिनो बाल्सा लाकडाचा. ७ सेंटिमीटरचा फक्त ४ ग्रॅम आणि ११ सेंटिमीटरचा ६ ग्रॅम. संथ ओढीला त्याच्यासारखी चाल प्लास्टिकला येत नाही, पण एवढा हलका ल्युअर जाड रॉडने फेकला की पायाशी पडतो. त्याला ६-७ फुटी मीडियम-लाइट रॉड आणि बारीक दोराच हवा. वाहत्या पाण्यात त्याच कंपनीचा बुडणारा काउंटडाउन बरा. ७ सेंटिमीटरचा ८ ग्रॅम, साधारण सेकंदाला एक फूट बुडतो, त्यामुळे खोली मोजून ठरवता येते. खडसाच्या जबड्यात दात नसतात, पण घशातल्या दातांची आणि ओठांची पकड अशी की डब्यातले तिहेरी गळ चिरडून चपटे होतात. मूळ गळ काढून जाड तारेचे गळ आणि मजबूत कड्या घाला. मात्र गळ जड झाले की तरंगता मिनो बुडायला लागतो. लाकडी ४ ग्रॅमच्या ल्युअरवर अर्ध्या ग्रॅमचा फरकही दिसतो. मधला मार्ग म्हणजे पुढचा तिहेरी गळ काढून मागे एकच जाड, एकेरी गळ. मासा सोडायलाही हाच बरा, आणि खडस सोडूनच द्यावा.

‘सस्पेंडिंग’ लिहिलेल्या जर्कबेटबद्दल, म्हणजे झटके देत ओढायच्या मिनोबद्दल, एक बारकावा. हे ल्युअर पाण्यात ना वर ना खाली असे अधांतरी थांबतात, निदान पुड्यावर तसं लिहिलेलं असतं. ते जिथे बनतात आणि वापरले जातात तिथलं पाणी गार. १५ अंशांच्या पाण्यापेक्षा २८ अंशांचं पाणी किंचित विरळ असतं. फरक एक टक्क्याच्याही खालचा, पण तोल तेवढ्याने जातो. मार्च ते मे आपल्या बंधाऱ्यांत हे ल्युअर हळूहळू बुडतात. माल खराब नाही, पाणी वेगळं आहे. पुढच्या गळाची कडी एक नंबर लहान लावून पाहा.

पॉपरला दोन तिहेरी गळ असतात, म्हणजे तो फक्त उघड्या, गवत नसलेल्या पाण्याचा. सकाळच्या शांत पाण्यावर पाझर तलावात चालतो. पुढे वारा सुटला की गुंडाळून ठेवा.

रबरी गांडुळं

बासच्या जगात यांचा फार बोलबाला. नेड, वॅकी, ड्रॉप-शॉट अशा नावांनी बारीक रबर तळाशी हलवत बसायचं. इथल्या नदीत ते बारीक रबर चिलापी आणि खेकड्यांच्या तावडीत सापडतं. खेकडा नांगीने शेपटी कापून नेतो, आणि फेकणाऱ्याला वाटतं मासा टोचतोय. पाच-सहा फेकीत पाकीट संपतं. कामाची जोडणी एकच, टेक्सास. पुढे गोळीसारखं शिसं, मग ३/० किंवा ४/० नंबरचा वाकड्या मानेचा गळ, त्याचं टोक रबराच्या पाठीत लपवलेलं. गवतातल्या भोकांत, लव्हाळ्याच्या मुळाशी सोडायला ही चांगली. शिसं ५ ते ७ ग्रॅम पुरे, बंधाऱ्याच्या खालच्या दगडांत १० ग्रॅमची गोळी फटीत जाऊन बसते. रबर गळावर सरळ चढवलं पाहिजे, वाकडं चढलं की ते पाण्यात गरगरतं आणि तंगुसाला पीळ पडतो. बेडूक चालत नाही अशा थंडीच्या दिवसांत, दुपारी बारा ते तीन, मरळ तळाशी सुस्त असते तेव्हा हीच जोडणी काढावी.

रबर साठवताना मूळ पिशवीतच ठेवा. वेगवेगळ्या जातीचं रबर एकत्र पडलं किंवा साध्या प्लास्टिकच्या कप्प्यात राहिलं तर एकमेकांत विरघळतं. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कॉम्बोचा तळाशी एकच रंगीत लगदा होतो तो यामुळेच. कॉम्बोत रबर डब्यातच सुटं भरलेलं असेल तर पहिल्या दिवशी बाहेर काढा.

रॉड आणि रीळ

कॉम्बोसोबत येणारा चार-पाच नळ्यांचा आत सरकणारा रॉड फिरायला न्यायला सोयीचा आणि मरळीसाठी कुचकामी. प्रत्येक जोड हा कमकुवत बिंदू, आणि बेडकावर झटका मारताना सगळा जोर मधल्या जोडावर येतो. दोन तुकड्यांचा, साडेसहा ते ७ फुटी, ‘मीडियम हेवी’, मुठीजवळ १० ते ३० ग्रॅम असा पल्ला छापलेला रॉड घ्या. जाडी बघू नका, छापलेला पल्ला बघा. ४०००च्या आकाराचं स्पिनिंग रीळ नवख्याला पुरतं. बेटकास्टर, म्हणजे अंगठ्याने स्पूल आवरायचं रीळ, हवंच असेल तर ७:१ गिअरच्या आसपासचं. बेडूक सैल दोऱ्यावर चालवला जातो, झडप आली की सैल दोरा पटकन गोळा व्हायला हवा. बेटकास्टरवर ७ ग्रॅमखालचा ल्युअर किंवा तोंडावर वारा म्हणजे दोऱ्याचं घरटं. बाजूची गोल खुंटी अशी आवळा की अंगठा सोडल्यावर ल्युअर सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल.

ड्रॅग एरवी दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश. गवतात बेडूक असेल तर जवळजवळ पूर्ण आवळा. मरळीला चार फूट दोरा दिला तर ती मुळांत जाऊन बसते आणि मग उपटायला जलपर्णीचा ढीग येतो.

ल्युअर दगडात अडकला की रॉडने ओढू नका, टोक मोडतं. दोरा हाताला गुंडाळू नका, बोट कापतं. काठीभोवती चार वेढे घ्या आणि सरळ रेषेत मागे चाला.

पाणी कुणाचं, कधी जायचं

कोयनेच्या शिवसागराचा बराचसा भाग आणि वारणेचा वसंतसागर अभयारण्य-राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, म्हणजे २०१० साली जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे ल्युअर टाकायचा नाही. बाकीच्या धरण-तलावांचा मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी त्यांना विचारा. त्यांच्या जाळ्यात तुमचा तिहेरी गळ अडकला तर जाळंही फाटतं आणि संबंधही.

पावसाळ्यात, आयर्विन पुलावरच्या पूरपातळीच्या पट्टीकडे अख्खी सांगली बघत असते तेव्हा, ल्युअर घरीच ठेवा. त्या चिखलपाण्यात मासा बघत नाही आणि काठ ढासळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून मरळीची जोडी पिल्लांचा लालसर घोळका राखत असते. त्या घोळक्यावर बेडूक टाकला तर ती हमखास झडप घालते, म्हणूनच टाकू नये. आई-बाप उचलले की घोळका तासाभरात इतर माशांच्या पोटात. कराडच्या वर कोयनेच्या पात्रात उतरणाऱ्यांनी कोयना धरणाचं पायथा वीजगृह लक्षात ठेवावं. एक युनिट चालू झालं तरी १,०५० क्युसेक पाणी येतं आणि उभं राहायचा दगड बुडतो. नदीला मळीचा वास आणि काळा तवंग असेल त्या आठवड्यात गळ टाकू नका. तेव्हा वर आलेली मरळ भुकेने नाही, श्वासासाठी आलेली असते.

परत करायची मुदत संपायच्या आत

डबा हातात आला की त्याच दिवशी एवढं करा. प्रत्येक तिहेरी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ओढा. ओरखडा उठला तर धार आहे, घसरलं तर नाही. गळ पकडीत धरून अंगठ्याने वाकवा, हाताने वाकला तर मरळ तो सरळ करणारच. क्रँकचे दोन भाग जिथे जोडलेत ती शिवण नखाने चाचपा, फट लागली तर आत पाणी शिरेल. कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज नाही ना ते पाहा. मग सगळे तरंगते ल्युअर रात्रभर बादलीत टाका. सकाळी जे तळाशी असतील ते पुन्हा पुड्यात. बेडकांना तासभर पाण्यात ठेवून पिळा, चमचाभराहून जास्त पाणी निघालं तर तेही. फोटो काढून ठेवा, ‘वापरलेला माल’ म्हणून परतावा नाकारतात तेव्हा लागतो. आणि चाचणी करताना दोरा बांधू नका, कडीवर गाठीचा ओरखडा दिसला की वाद वाढतो.